भुताच्या सिनेमातला पाऊस

टँकरचा आवाज मला अजून लांबून कळतो. भरलेला टँकर कोपऱ्यावर वळताना गाभण म्हशीसारखा धापा टाकतो, आणि रिकामा परत जाताना नुसता खडखडतो. यंदा होळीच्या आधीच तो आवाज आमच्या गल्लीत आला. खालच्या मजल्यावरच्या सुना पाइप घेऊन पळाल्या, कुणाची बादली कुणाच्या पायावर पडली, थोडी भांडणं झाली, थोडं हसणं झालं. मी गॅलरीत उभी राहून बघत होते. गुडघ्यांनी मला केव्हाच रजा दिलीय, त्यामुळं आता माझं काम नुसतं बघायचं. पण टँकरच्या बुडाशी तोटी गळत होती, रस्त्यावर ओला काळा डाग पसरत होता, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अगं, वाया चाललंय."

हे वाक्य माझं नाही. माझ्या थोरल्या जावेचं आहे, आक्काचं. रीतीनं मी तिला तुम्ही म्हणायची, आयुष्यभर म्हटलं, म्हणजे तिच्या आयुष्यभर. लिहिताना मात्र ते जमत नाही. ती गेली तेव्हा ऐन तिशीत होती, आणि मी आता साठी ओलांडून बसलेय. एवढ्या लहान बाईला तुम्ही कसं म्हणावं?

आमच्याकडं दुष्काळ म्हटलं की म्हातारी माणसं बहात्तरवर जातात. खडी फोडली, सुकडी खाल्ली, सगळं सांगतात. मीही पाहिलाय तो, परकर-पोलक्यातल्या पोरीच्या डोळ्यांनी. पण माझा म्हणावा असा दुष्काळ तो नाही. माझा दुष्काळ त्यानंतरचा, घरोघरी व्हिडिओ यायला लागला होता त्या दिवसांतला. आणि त्या दुष्काळात पाऊस आहे. खोटा पाऊस. भुताच्या सिनेमातला.

आम्ही मूळचे वैजापूरकडचे. भावजी, म्हणजे आक्काचे मालक, आधी शहरात आले. वाळूजला कारखाने उभे राहत होते, तिथं ते लागले, आणि मग एकेक करून आम्हा सगळ्यांना घेऊन आले. पडेगावच्या बाजूला तेव्हा नुसतं माळरान होतं. त्या माळावर पत्र्याच्या दहा-बारा खोल्यांची आमची वस्ती, समोर कुण्या जुन्या जहागीरदाराची पडकी कोठी, आणि कोठीच्या अंगणात एक मोठी दगडी विहीर. विहिरीला पायऱ्या होत्या, पारवे होते, पाणी नव्हतं. तळाशी वाळलेला चिखल भेगाळून पडला होता. आक्का म्हणायची, "शांते, ही विहीर बघ, तोंड उघडं टाकून झोपल्यासारखी दिसतीय."

त्या उन्हाळ्यात टँकर यायचा म्हणजे यायचा, नाही तर नाही. हंडे-कळश्यांची रांग रात्रीच लावून ठेवायची, प्रत्येकीच्या भांड्यात ओळखीचा एकेक दगड घालायचा. माणसं घरात झोपायची आणि रांगेत दगड जागे राहायचे. अंघोळ करून उरलेलं पाणी धुण्याला, धुण्याचं भांड्यांना, भांड्यांचं दारातल्या तुळशीला. तुळस मेली नाही, पण तिला साबणाचा वास यायचा.

अशात एक दिवस कोठीपुढं मुंबईच्या गाड्या उभ्या राहिल्या.

सिनेमाचं नाव सांगत नाही. त्या काळातल्या भुताच्या सिनेमांची नावं एकमेकांच्या अंगावर चढवली तरी फरक पडणार नाही. गोष्टही तशीच. एका नव्या नवरीला सासरचे लोक विहिरीत ढकलतात, आणि मग दर अमावास्येला वादळ-पाऊस सुटतो, ती पांढरी साडी नेसून विहिरीतून वर येते आणि येईल-जाईल त्याला पाणी मागते. पाण्यात मेलेली बाई पाणी का मागेल, हे आक्कानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तिथला एक माणूस म्हणाला, "बाई, पिक्चर आहे." आक्का म्हणाली, "असू द्या की. पण तहान तर खरी पाहिजे ना."

भूत झालेली मुलगी कोवळी होती. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काजळाचे खड्डे, आणि डोक्यावर ओला टॉवेल घेऊन ती लिंबाखाली बसायची. ऊन तिला सोसत नव्हतं. आक्कानं तिला कांदा फोडून हुंगायला दिला, तर तिनं आक्काच्या लेकीला, मनूला, जवळ बोलावलं. मनू तेव्हा तीन वर्षांची, सदा माझ्या काखेत. तिनं ते तोंड बघितलं आणि असा टाहो फोडला की भुताच्याच डोळ्यांत पाणी आलं. बिचारी रंग पुसून दाखवायला लागली, तर मेकपवाला तिच्यावर ओरडला.

आता अमावास्येच्या रात्रीबद्दल सांगते. सिनेमात ती मध्यरात्र आहे. निळं-काळं आभाळ, विजा, पाऊस. खरं तर ती भर दुपार होती. कॅमेऱ्यापुढं निळी काच लावली की दुपारची रात्र होते, हे मला त्या दिवशी कळलं. त्या अमावास्येत आमच्या पायांना चटके बसत होते. अजूनही तो सिनेमा कुणी नीट बघितला तर दिसेल, माणसांच्या सावल्या पायातच गोळा झाल्यात. अमावास्येला सावली कुठून आली, हे कुणी विचारत नाही. लोक भुताकडं बघतात.

पाऊस पाडायला त्यांनी बांबूंवर भोकं पाडलेले नळ चढवले होते आणि टँकर आणले होते. एक नाही, तीन. आमच्या वस्तीवर त्या आठवड्यात टँकर फिरकला नव्हता. सिनेमातली गर्दी म्हणून आम्हा बायकांनाच दोरीमागं उभं केलं होतं. सांगितलेलं काम एवढंच, भूत दिसलं की ओरडत पळत सुटायचं. कळश्या आम्ही का सोबत नेल्या होत्या ते मला आठवत नाही. त्या दिवसांत घराबाहेर पडताना कळशी हातात असायचीच, जशी आता पोरांच्या हातात मोबाइल असतो.

पंप सुरू झाला. वरून पाणी पडायला लागलं. तापलेल्या फरशीवर, धुळीत, वाळलेल्या कुसळांवर. मातीचा वास उठला. कितीतरी महिन्यांत तो वास कुणाला आला नव्हता. विहिरीच्या काठावर भूत उभं राहिलं, टोपीवाल्या डायरेक्टर साहेबानं हात खाली केला, आम्ही ओरडत पळायचं होतं. कुणी हललं नाही. जमीन पाणी पीत होती आणि आम्ही बघत होतो.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "अगं, वाया चाललंय." आणि सुटली.

भुताच्या उलट दिशेला पळायचं होतं, ती थेट भुताकडं पळाली, कारण धार तिथं होती. तिच्यामागं सगळ्या बायका. मी मनूला काखेत घेऊन कॅमेऱ्याशेजारी अडकले, म्हणून मला सगळं दिसलं. साहेब आधी ओरडला, मग कॅमेरावाल्याला म्हणाला, चालू दे, चालू दे. त्याला ती पळापळ आवडली. सिनेमात आज लोक बघतात की गाववाले भुताला भिऊन सैरावैरा पळताहेत. प्रत्यक्षात आम्ही पाण्याकडं पळत होतो. भीती आणि तहान लांबून सारखीच दिसत असावी.

आणि त्या पळापळीत, पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आक्का आहे. ती धारेखाली कळशी ठेवते, खाली उकिडवी बसते, तोंड वर करते, जीभ बाहेर काढून पाण्याची चव बघते आणि हसते. कळशी भरते, उचलून डाव्या कमरेवर घेते आणि चालायला लागते. जाता जाता एकदा मागं वळून बघते. बघणाऱ्याला वाटतं, भुताला बघितलं. ती आमच्याकडं बघत होती. मनू येतीय का, रडतीय का, ते. ही तिची कायमची सवय होती, चार पावलं चालली की मागं वळून पोरीला बघायचं. मी म्हणायची, "आक्का, मान लचकंल तुमची. माझ्याच काखेत आहे ती." ती म्हणायची, "तुझ्यावर इस्वास हाय गं. डोळ्यांवर नाय."

त्या पाण्याला डिझेलचा वास होता. तरी आम्ही त्याचं वरण शिजवलं. आक्कानं भावजींना वाढताना सांगितलं, "भुताच्या पावसाचं हाय, घाबरू नका." भावजी क्वचित हसायचे. त्या दिवशी ठसका लागेस्तोवर हसले.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी आक्का गेली. कावीळ झाली. त्या वर्षी वस्तीत खूप जणांना झाली होती, कुठल्या पाण्यानं झाली कोण सांगणार, सगळंच पाणी कुठून तरी आलेलं होतं. दवाखान्यात तिचे डोळे शेवंतीसारखे पिवळे झाले होते. पाणी मागायची आणि दोन घोट घेऊन तांब्या माझ्याकडं सरकवायची. "ठेव. सांडू नको." शेवटपर्यंत तिला तेच.

मनू माझ्याकडंच राहिली. वेगळं असं काही ठरलं नाही, ती आधीपासून माझ्या काखेत होतीच.

सिनेमा लागला तेव्हा आक्काला जाऊन बरेच महिने झाले होते. आम्ही सगळे टॉकीजमध्ये गेलो. तो प्रसंग आला, सगळं थेटर किंचाळलं, आणि आमची ओळ हुंदके द्यायला लागली. पुढच्या खुर्चीवरचा एक माणूस वळून म्हणाला, "इतना भी डरावना नहीं है, अम्मा." मी तेव्हा पंचविशीचीही नव्हते. पण अम्मा म्हणाला ते बरं वाटलं. रडायला परवानगी मिळाल्यासारखं झालं.

आक्काचा फोटो एकच, लग्नातला. त्यात ती मान खाली घालून, अंग चोरून बसलीय, जशी ती कधीच बसली नाही. तो फोटो बघून कुणाला वाटेल, गरीब बिचारी असेल. खरी आक्का त्या भुताच्या सिनेमात होती. म्हणून पुढं तो सिनेमा व्हिडिओ लायब्ररीत आला तेव्हा भावजींनी तिथून ती कॅसेट कायमची मागून आणली. रविवारी सुट्टी असली की कुणाचा तरी व्हीसीआर आणायचा, दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून खोलीत अंधार करायचा आणि कॅसेट घालायची. बाहेर ऊन रखरखतंय, आत आमची अमावास्या. भावजी पूर्ण सिनेमा कधी बघत नव्हते. बरोबर त्या जागी आणायचे, बघायचे, मागं घ्यायचे, परत बघायचे. फक्त मनूला हाक मारायचे, "मने, ये. बघ, ती बघ आई."

मनू यायची, माझ्या मांडीत तोंड खुपसायची आणि डोळे घट्ट मिटून घ्यायची. आम्हाला वाटायचं, भुताला घाबरते. साहजिक आहे, लहान पोर. आम्ही म्हणायचो, मोठी झाली की बघेल. ती मोठी झाली, शाळेत गेली, कॉलेजात गेली, आणि त्या रविवारी नेमकी कुठल्या तरी मैत्रिणीकडं जायला लागली. भावजी नंतर एकटेच बघायचे. नंतर व्हीसीआर मिळेनासे झाले आणि कॅसेट माझ्या ट्रंकेत आली, लुगड्याच्या घडीत.

लहानपणी मनूची एक सवय होती. रोज संध्याकाळी ती एक छोटा तांब्या भरून उंबऱ्याबाहेर ठेवायची. आपल्या वाट्याच्या पाण्यातून. आम्ही कौतुक करायचो, बघा, पोरीला चिमण्यांची किती दया. चिमण्या खरंच येऊन प्यायच्या. हे आत्ता का आठवलं ते पुढं सांगते.

मध्ये एवढा काळ गेला. आम्ही वस्तीतून या इमारतीत आलो. शहराचं नाव बदललं, वेशी पार करून शहर चारी बाजूंनी सांडलं. मागं एकदा मनूच्या गाडीवर बसून मी त्या माळावर गेले होते. कोठी नाही. विहीर बुजवली, तिच्यावर गाड्या उभ्या करायची फरशी केलीय. सात-आठ मजल्यांच्या इमारती, आणि त्यातल्या एकीचं नाव चक्क 'निर्झर'. निर्झरच्या फाटकाशी टँकर उभा होता. मला हसू आलं आणि लगेच गेलं. जायकवाडीएवढं धरण आपल्या जिल्ह्यात, आणि आपण नळाची वाट बघत जन्म काढायचा. त्या फरशीवर उभं राहून मी अंदाज घेत होते, धार कुठं पडत होती, मी कुठं उभी होते. रखवालदार म्हणाला, "मावशी, कुणाकडं जायचंय?" काय सांगणार. म्हटलं, "जाऊबाईकडं. पण ती आता इथं राहत नाही."

दोन वर्षांपूर्वी भावजीही, मनूचे अण्णा, गेले. त्यांच्या जाण्यानंतर मनू वरचेवर यायला लागली. ती आता चाळिशीच्या पुढं, शहरातल्याच सातारा परिसरात तिचं घर आहे, बँकेत आहे, केसांना मेंदी लावते. यंदा टँकर सुरू झाल्यावर एका दुपारी आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "काकू, माझी आई चालायची कशी गं?"

मी म्हटलं, "हे आत्ता कुठून काढलंस?"

"अण्णा होते तोवर वाटायचं, कधीतरी विचारू. आता तुझ्याशिवाय कुणी बघितलेलंच नाही तिला."

आमचे हे भावजींच्याही आधी गेले, वस्तीतल्या बायका कुठं कुठं पांगल्या. खरंच की. एवढ्या मोठ्या वाढलेल्या शहरात आक्काला चालताना बघितलेले डोळे फक्त माझे. आणि त्यातल्या एकात मोतीबिंदू.

मी म्हटलं, "अगं, आहे की ती सिनेमात. बघू या."

मनूनं तिथल्या तिथं टीव्हीवर तो सिनेमा शोधून काढला. आजकाल सगळं मिळतं. जुने सिनेमे धुऊन-पुसून, नव्या लांबट टीव्हीत बसतील असे करून ठेवलेत. चित्र इतकं स्वच्छ की भुताच्या गालावरचा रंग उडालेला दिसत होता. मला भीती वाटायच्या ऐवजी माया आली. ती पोरगी पण आता म्हातारी झाली असेल कुठंतरी. अमावास्या आली, वीज चमकली, पाऊस सुरू झाला. मी बोट रोखून तयार बसले. "आता बघ. खाली उजवीकडं."

खाली उजवीकडं काहीच नव्हतं. म्हणजे डोक्यांचे शेंडे होते, पळणाऱ्या बायकांचे. त्यांच्याखाली पडदा संपला होता. आम्ही मागं घेऊन परत बघितलं. मनूला आधी कळलं. "काकू, लांबट करायला वरून-खालून कापलंय यांनी." आक्का बसली होती ती जमीनच कापली होती. उकिडवं बसणं, जीभ, हसणं, चालणं, सगळं कात्रीच्या खाली. एकदाच, पापणी लवावी एवढा वेळ, खालून एक हात वर आला. हिरव्या बांगड्यांचा हात आणि कळशीचा काठ. कळशी उचलतानाचा. आणि गेला.

मी उठून ट्रंक उघडली.

कॅसेट घेऊन मनू शहागंजातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडं गेली. मीही हट्टानं रिक्षात बसले. तिथल्या चाचांनी कॅसेट उघडून उन्हाकडं धरली. आत पांढरी बुरशी होती. म्हणाले, "अम्मा, फफूंदी तो साफ कर देता मैं. दो-चार दिन छोड़ो." दोन-चार दिवसांनी बारक्या पेन ड्राइव्हवर सिनेमा उतरवून हातात दिला आणि डोकं खाजवत म्हणाले, "पूरी पिक्चर ठीक आई है. बस एकीच जगा घिस गई. बारिश का सीन है. पता नहीं किसने क्या देखा वहाँ इतनी बार."

मनूनं पैसे दिले, रिक्षात बसलो. क्रांती चौक गेला तरी पेन ड्राइव्ह मनूच्या मुठीतच होता.

घरी येऊन लावलं. या चित्राला कोपरे शाबूत होते, जुन्या टीव्हीसारखं चौकोनी चित्र. पाऊस आला आणि त्याच्याबरोबर दुसरा पाऊस आला, पांढऱ्या रेघांचा, खरखरीचा. भूत थरथरलं. खालच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. एक ठिपका बसला, उठला, सरकला. मला त्यात आक्का दिसली, कारण मला माहीत होतं कुठं बघायचं. मनूला काय दिसणार? भावजींनी आपल्या बायकोला बघून बघून पुसून टाकलं होतं. लई जपलेलं लुगडं घडीवरच विरतं, तसं.

मनूनं टीव्ही बंद केला नाही. खरखर चालू ठेवली. आणि तिकडंच बघत म्हणाली, "काकू, एक सांगू? अण्णा म्हणायचे ना, ती बघ आई. मी एकदा बोटांच्या फटीतून बघितलं होतं. समोर ती उभी होती. पांढऱ्या साडीतली."

मला आधी कळलंच नाही.

"सगळे रडत तिच्याकडंच बघायचे," मनू म्हणाली. "मला वाटलं, तीच आई. आई मेली, आता अशी झालीय. म्हणून डोळे मिटायची."

"अगं माझे बाई," मी म्हटलं, "एकदा तरी विचारायचं."

"काय विचारणार? माझी आई भूत आहे का, असं? आणि ती पाणी मागायची ना त्यात. प्यास, प्यास करत. मग मी ठेवायची. उंबऱ्याबाहेर."

तांब्या. चिमण्या. आम्ही सगळे ज्याचं कौतुक करत होतो ते. चार-पाच वर्षांचं लेकरू, आपल्या तोंडचं पाणी काढून दारात ठेवत होतं, जिला भीत होतं तिच्यासाठीच. भ्यायची आणि तरी पाजायची. सकाळी तांब्या रिकामा दिसला की तिला काय वाटत असेल, याचा विचार मला आता अंथरुणावर पडल्या पडल्या सोडत नाही. भुताचा सिनेमा म्हणून आम्ही जो बघत होतो तो वेगळाच होता. खरा तो त्या पोरीनं मिटल्या डोळ्यांनी बघितला.

"मोठी झाल्यावर कळलं गं," ती म्हणाली. "डोक्याला कळलं. पण आई म्हटलं की अजून आधी तीच येते डोळ्यांपुढं. पांढरी. म्हणून म्हटलं, एकदा खरी बघावी. चालताना तरी."

टीव्हीत खरखर चालूच होती. खाली टँकर आल्याचा आवाज झाला, सुना पळाल्या. कोपऱ्यात माझी कळशी होती, पिण्याचं पाणी भरून ठेवलेली.

मी भिंतीला धरून उठले. मनू म्हणाली, "काय पाहिजे? मी देते." मी म्हटलं, "तू बस. नाही, बसू नको, तिथं दाराशी उभी राहा. मी त्या दिवशी अशीच मागं, कॅमेऱ्याशेजारी उभी होते, तुला काखेत घेऊन."

उकिडवं बसणं काही मला झालं नाही, नुसती वाकले. कळशीच्या गळ्यात हात घातला, उचलून डाव्या कमरेवर घेतली. गुडघे बोलले, बोलू दिले. आक्का कळशीकडं मान जरा कलती ठेवायची, आतलं पाणी ऐकत चालल्यासारखी. उजवा हात मोकळा, पुढं-मागं. पाऊल आधी चवड्यावर, मग टाच, सवय उन्हाची. घाई असली तरी पाणी डचमळू द्यायची नाही, त्यामुळं कमरेच्या वर बाई स्थिर आणि कमरेखाली पळत. मी आक्का नाही. ती उंच होती, मी ठेंगणी. ती तिशीतली, मी ही अशी. पण एवढी वर्षं तिच्यामागून चाललेय, पाय विसरलेले नाहीत. हॉलमधून स्वयंपाकघराकडं निघाले. थोडं पाणी सांडलंच. आक्का रागावली असती.

चार पावलं झाली आणि मी मागं वळून बघितलं, ती बघायची तसं.

मनू दारात नव्हती. ती माझ्या मागं मागं येत होती, सांडलेल्या पाण्यावर पाय न देता, डोळे उघडे ठेवून.